फाल्गुनातले रान थांबून पाहावे

बजाजनगर आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतून जंगलाकडे निघणारी बहुतेक पावले पावसाळ्यात निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये म्हैसमाळचे पठार, वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारे पाणी आणि कन्नडच्या घाटातले धुके पाहायला सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींची रीघ लागते. दिवाळीनंतर ती विरळ होते आणि होळी आली की थांबते. रान वाळले, आता तिथे काय आहे, असे लोक म्हणतात. गौताळ्याच्या रानात फाल्गुन-चैत्रात वर्षानुवर्षे जात राहिल्यावर माझे मत याच्या उलट झाले आहे. आपल्या भागातले जंगल समजून घ्यायचे असेल, तर त्यासाठी होळी ते हनुमान जयंती यासारखा दुसरा काळ नाही. एवढेच नाही, तर या काळात फुले पाहणे आणि वन्यजीव पाहणे हे दोन वेगळे उद्योग राहत नाहीत. ज्याला फुललेले झाड शोधता आले, त्याला प्राणी-पक्षी शोधावे लागत नाहीत. आणि हे साधायचे तर दहा किलोमीटर चालण्यापेक्षा एका झाडापाशी तासभर थांबणे जास्त उपयोगी पडते. हे म्हणणे पटवून द्यायला थोडे खोलात जावे लागेल.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे रान सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. कन्नडच्या बाजूला पितळखोऱ्याची लेणी, तर चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचे खोरे. हे शुष्क पानझडीचे जंगल आहे, म्हणजे इथली झाडे उन्हाळ्यातली पाण्याची टंचाई पाने गाळून निभावून नेतात. पाणी मुख्यतः पानांतून उडते, म्हणून झाड आधी पाने सोडते. पण खोडात आणि मुळांत साठवलेले अन्नपाणी शिल्लक असते, आणि त्यातली बरीच झाडे ते फुलांसाठी खर्च करतात. हा खर्च वेडेपणाचा नाही. पाने नसल्यामुळे फूल लांबून दिसते, वाऱ्याला आणि पाखरांना वाट मोकळी मिळते, आणि फाल्गुनात धरलेले फळ जेठाच्या सुमारास पिकले की बी नेमके पहिल्या पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडते. पळसाची कागदासारखी चपटी शेंग टोकाला एकच बी घेऊन वाऱ्यावर निघते ती याच सुमारास. सावरीचा कापूसही त्याच्या थोडा आधी उडतो. वरून मेल्यासारखे दिसणारे हे रान वर्षातल्या सर्वांत मोठ्या कामाला लागलेले असते.

आता रानातल्या बाकीच्यांच्या बाजूने पाहा. फाल्गुनात गवत करपलेले, किडे-अळ्या कमी, ओढ्यात फक्त डबकी उरलेली. अशा वेळी उन्हातल्या उतारावर एक पळस फुलतो, म्हणजे त्या परिसरातले खाणे आणि थोडेबहुत पिणेही एका जागी मांडले जाते. पळसाच्या फुलाला वास नाही; त्याचे बोलावणे रंगाचे आहे आणि ते मुख्यतः पक्ष्यांसाठी आहे. चोचीसारख्या वळलेल्या पाकळीच्या तळाशी, गडद मखमली पेल्यात मध साठतो. शिंजीर त्यावर येतो. ऐन या दिवसांत नराचा विणीच्या हंगामातला जांभळा-निळा रंग चढलेला असतो, त्यामुळे थंडीत ओळखू न येणारा हा एवढासा पक्षी आता नवशिक्यालाही चटकन ओळखता येतो. चोच फुलात घालताना त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि ते पुढच्या फुलावर पोचतात. खारही हेच काम करते. पोपट मात्र फूल देठापासून तोडतो, तळ कुरतडतो आणि टाकून देतो. पळसाखाली पडलेल्या सड्यात तळाशी कुरतडलेली फुले किती आणि आपोआप गळलेली किती, एवढे पाहिले तरी सकाळपासून वर कोण येऊन गेले याचा अंदाज बांधता येतो. साळुंक्या, कोतवाल, सातभाई, बुलबुल येतात. मध्य आशियाकडून थंडीत आलेल्या पळसमैना थव्याने उतरतात आणि परतीच्या प्रवासाआधी पळस, पांगारा, काटेसावर यांवर पोट भरून घेतात. पाखरांची ही गर्दी शिकऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून तो जवळपासच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला सापडतो. एका झाडावर इतके घडत असताना ते ओलांडून पुढे जायचे कशासाठी, याचे पटणारे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

पळसाची गोष्ट पक्ष्यांपाशी थांबते, असे कोणी म्हणेल. काटेसावर आणि मोह यांच्याकडे पाहिले की तो आक्षेप उरत नाही. काटेसावरीचे लाल, जाड पाकळ्यांचे फूल वर असते तेव्हा रात्री वटवाघळांचे आणि दिवसा पक्ष्यांचे असते. वानरे कळ्या आणि फुले खातात आणि खाता खाता तेवढीच खाली सांडतात. ती सांडलेली फुले हरणवर्गातले प्राणी आवडीने खातात. मध्य भारतातल्या जंगलांत वानरांच्या टोळीखाली चितळ चरताना दिसतात ते याचसाठी. आपल्याकडे गौताळ्यात ही जागा भेकर आणि रोही घेतात. मोहाचे गणित याहून मोठे. त्याची फिकट, रसाळ, गोड फुले रात्री उमलतात आणि पहाटेपर्यंत टपटप गळत राहतात. झाडावर वटवाघळे येतात, झाडाखाली अस्वल, रानडुक्कर, रोही. दिवस उजाडला की मोह वेचणारी माणसे येतात. चैत्रातल्या मोहाखालची जमीन नीट वाचली तर रात्रभराची हजेरी तिथे सापडते. रानडुकराने उकरलेली माती, रोह्याच्या लेंड्यांचा ठरलेल्या जागी वाढत गेलेला ढीग, अस्वलाच्या विष्ठेत न पचलेल्या बिया, वाटेत नख्यांनी फोडलेले वारूळ. प्राणी समोर दिसला नाही तरी तो काय खातो, कोणत्या वाटेने येतो आणि कधी येतो हे कळते. सफारीच्या गाडीतून पाठमोरी दिसलेली शेपटी यातले काहीच सांगत नाही.

इथे एक इशारा तातडीने द्यायला हवा. पहाटेच्या अंधारात मोहाचे झाड अस्वलाचे असते. अस्वलाची नजर अधू, नाक तीक्ष्ण आणि अचानक गाठ पडली तर अंगावर येण्याचा स्वभाव. विदर्भापासून खानदेशापर्यंत मोह वेचायला गेलेल्यांवर हल्ले होतात ते याच दिवसांत. म्हणून मोहाची जमीन वाचायची ती ऊन वर आल्यावर, आपसांत बोलत, आवाज करत आणि वाट माहीत असलेला वनमजूर किंवा गावकरी बरोबर घेऊन. तसेच मधमाश्यांचे. अजिंठा-वेरूळच्या कड्यांना लटकलेली आग्यामोहोळे याच बहरावर पोसली जातात. आग्यामाश्या चांदण्या रात्रीही मध गोळा करायला बाहेर पडतात. धूर, उग्र अत्तर आणि दगड मारण्याची हौस, तिन्ही घरी ठेवून यावे.

थांबण्याचा सर्वांत मोठा फायदा असा की ज्यांच्याविषयी आपला समज चुकीचा असतो ती झाडे स्वतःच तो दुरुस्त करतात. खडकाळ उतारावरच्या सोनसावरीचे उदाहरण घ्या. पिवळ्याधमक, हाताच्या पंजाएवढ्या फुलांनी ती अशी उठून दिसते की पळसाहून जास्त गर्दी हिच्यावर असेल असे वाटते. प्रत्यक्षात शिंजीर तिथे टिकत नाही, कारण त्या फुलात मधच नाही. तिथे येतात काळे भुंगे. भुंगा पुंकेसरांना मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रातून पराग बाहेर पडतात आणि तेवढ्यासाठीच तो येतो. जवळ उभे राहिले तर त्याचा उडतानाचा गुणगुणाट आणि फुलावर बसल्यावरचा बारीक, उंच सूर यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो. चालत जाणाऱ्याला हा आवाज ऐकूच येणार नाही, कारण त्याच्या पायाखाली सागाचा पाचोळा वाजत असतो. पाचोळा हा या दिवसांतला मोठा शिक्षक आहे. आपण चालतो तोवर सगळे रान आपल्याला ऐकत असते. आपण थांबलो की दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा आपापल्या कामाला लागते आणि मग ऐकण्याची पाळी आपली येते. सरड्याची सरसर, सातभाईंची उकराउकर आणि भेकराचे सावकाश पडणारे पाऊल यांत किती अंतर आहे, हे कान थोड्याच दिवसांत शिकतो.

या साऱ्यावरचा पहिला गंभीर आक्षेप असा की रानफुलांचा खरा हंगाम पावसाळा आहे. कासच्या पठारावर लोक ऑगस्ट-सप्टेंबरात जातात. आपल्याकडेही गवतफुले, तेरडा, रानहळद सगळे पावसातच. हे पूर्ण खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जमिनीलगतची फुले हवी असतील तर वसंतात आपल्या रानात हाती फारसे लागणार नाही. युरोपातल्या जंगलात वसंतात जमीन फुलांनी झाकते, कारण तिथे डोक्यावरचा पाला यायच्या आत त्या रोपांना ऊन हवे असते. आपला वसंत कोरडा, म्हणून तो जमिनीवरून उठून झाडांवर गेला आहे. मान वर करायची तयारी असेल तर माघापासून काटेसावर आणि पांगारा, फाल्गुनात पळस आणि सोनसावर, ओढ्याकाठी धायटीची लाल नळीदार फुले, चैत्रात मोह आणि करंज, मग बहावा अशी ओळ लागलेली असते. त्यात कुसुंबाची पालवी धरावी. ती इतकी लाल येते की लांबून फुलोराच वाटतो. आणि पांढऱ्या, साल सोलल्यासारख्या खोडाचा कांडोळ. त्याची लाल चांदणीसारखी फळे देखणी असतात, पण त्यांवरची लव अंगाला भयंकर खाजते. ती डोळ्यांनीच पाहावीत. शिवाय पावसाळी फुलांचा आणि मोठ्या प्राण्यांचा संबंध इतका थेट दिसत नाही. तेव्हा खाणे-पाणी सगळीकडे असते, प्राणी पांगलेले असतात आणि गवत माणसाच्या कमरेएवढे असते. सुंदर दिसण्याच्या स्पर्धेत श्रावण जिंकेल. समजण्याच्या बाबतीत मात्र माझा कौल फाल्गुनाला.

दुसरा आक्षेप तरुणांचा असतो आणि तो मोकळेपणाने मांडला जातो: शिंजीर आणि भुंगे ठीक आहेत, पण गौताळ्यात बघण्यासारखा मोठा प्राणी दिसतच नाही, मग ताडोबालाच का जाऊ नये? ताडोबाला जरूर जावे. पण इथे काही नाही हे निदान चुकीचे आहे. बिबट्या, अस्वल, लांडगा, कोल्हा, साळिंदर, उदमांजर हे सगळे या रानाचे रहिवासी आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. मधली शेते, रस्ते, वस्त्या ओलांडत शेकडो किलोमीटर आलेल्या त्या प्राण्याला इथे थांबण्यासारखे काहीतरी मिळाले. त्याला जे मिळाले ते पाहायला आपली सवय कमी पडते, असे माझे म्हणणे आहे. मोठा प्राणी दिसणे हा योग असतो. त्याच्या असण्याचा पुरावा वाचणे हे कौशल्य आहे आणि ते शिकता येते. निष्पर्ण रानात नजर लांब पोचते, वानराचा धोक्याचा खाकरा कोणत्या दिशेने आला हे कळते, उघड्या फांद्यांवर घुबड आणि सर्पगरुड सापडतो, ओढ्याच्या पात्रातल्या बारीक मातीत पाऊल स्पष्ट उमटते. आश्विनात यातले निम्मेही शक्य नसते.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे आणि औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याच्या बाबतीत तो हलका मानता येत नाही. शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला आठवड्यात एक सुट्टी. त्यात घरची कामे. एप्रिलमध्ये पारा चाळीसकडे. शहरापासून कन्नड साठेक किलोमीटर आणि रान त्याच्याही पुढे. यावर माझे उत्तर थांबण्याच्या पद्धतीतच आहे. ज्याला दिवसभर चालायचे आहे त्याला उन्हाची धास्ती. ज्याला एका झाडापाशी सकाळी सहा ते नऊ बसायचे आहे तो ऊन तापायच्या आत परत निघालेला असतो, आणि या कामाला दमदार पायांची गरज नसल्यामुळे घरातली म्हातारी माणसे आणि मुलेही बरोबर येऊ शकतात. दुसरे म्हणजे प्रत्येक वेळी गौताळाच गाठला पाहिजे असे नाही. दौलताबादचे उतार, खुलताबाद-सुलीभंजनचा डोंगर, म्हैसमाळची कडा जवळ आहेत. तेही जमत नसेल तर वाळूजकडून गंगापूरकडे जाताना बांधावर उभा असलेला एखादा पळस पुरतो. वसाहतीच्या रस्त्यांवर लावलेला गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. फुलतात दोन्ही भरभरून. त्यांच्यावर आणि बांधावरच्या पळसावर येणाऱ्यांची नोंद एका वहीत शेजारी शेजारी ठेवावी. बाहेरच्या झाडांवर कोणीच येत नाही असा दावा मी करत नाही. मधमाश्या, फुलपाखरे येतात. पण दोन्ही यादींची तुलना केल्यावर पुढच्या वृक्षारोपणात कोणते रोप मागायचे, हे कोणाला सांगावे लागत नाही.

नावे माहीत नाहीत म्हणून मागे राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्यामागून इतर कारखाने आले, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या गावांतून माणसे इथे राहायला आली. ही सगळी रानाशेजारची माणसे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावलेल्या, रंगपंचमीला त्याच्या फुलांचे पाणी उकळलेल्या, मोहाची फुले वाळवून ठेवलेल्या, पडशावर कोणता पाला चालतो हे माहीत असलेल्या आजी याच वसाहतीच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांना विचारणारे कोणी नाही एवढेच. मोबाइलमधले झाडे ओळखणारे साधन उपयोगी आहे, मीही ते वापरतो. पण ते पानाफुलाचे नाव सांगते, ते झाड कोणाच्या उपयोगाचे आणि कधी हे सांगत नाही. ते सांगणारी पिढी अजून आहे. एखाद्या सुट्टीत आजीला बरोबर न्यावे आणि बोलणे लिहून घ्यावे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो जंगलाच्या बाजूने येतो. रान टंचाईत असताना माणसांनी तिथे जाऊन भर का घालावी? पाणवठे मोजके उरले असताना तिथे गर्दी झाली तर तहानलेला प्राणी मागे फिरतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी फुललेल्या झाडापाशी बसा म्हणतो, पाण्यापाशी नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसायचे असेल तर ते वनविभागाच्या उपक्रमातून, त्यांच्या देखरेखीखाली. एरवी डबक्यापासून लांब राहावे. सकाळ-संध्याकाळ तर विशेषच. पानगळीत घरटी उघडी पडतात. त्यांच्या फोटोसाठी फांद्या वाकवू नयेत, आवाजाची फीत लावून पक्ष्याला बोलावू नये. अभयारण्यात नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून, ठरलेल्या वाटेनेच जावे. आणि आग. वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाला पेटवला जातो, कोणी विडीचे थोटूक फेकते, कोणी डब्यासाठी चूल मांडते, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत हे रान पेटण्याच्या बेतात असते. वणव्यात मोठी झाडे बहुधा तगतात. जळतात ती दोन-चार वर्षांची रोपे, जमिनीवरची अंडी, सरडे, कासवे, आणि ज्यांच्यासाठी झाडाने एवढा खर्च केला त्या पडलेल्या बिया. वनमजूर या दिवसांत जाळरेषा राखत रात्रंदिवस फिरत असतात, पण एवढ्या मोठ्या रानाला ते पुरत नाहीत. या हंगामात जाणाऱ्या प्रत्येकाने खिशातली काडेपेटी गाडीतच ठेवावी, आणि डोंगरावर कुठेही धूर दिसला तर आपण काय पाहायला आलो होतो ते बाजूला सारून आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.